वसमतहून वरळीला: नेहरू विज्ञान केंद्रातला एक पूर्ण दिवस

मुंबईच्या वरळी भागातील नेहरू विज्ञान केंद्र पाहण्यासाठी आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतहून जाऊन-येऊन दोन रात्रींचा रेल्वेप्रवास केला आणि मधला दिवस पूर्णपणे त्या एकाच ठिकाणी घालवला. मुंबईपर्यंत जाऊन आम्ही समुद्र पाहिला नाही, गेटवे पाहिले नाही, राणीची बागही पाहिली नाही, हे ऐकून घरी आलेल्या बहुतेकांना नवल वाटले. मला मात्र त्या दिवसाचे पूर्ण समाधान आहे. मराठवाड्यातून मुलाबाळांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन एवढ्या लांब जावे, इतक्या मोलाचे ते केंद्र आहे. फक्त तो दिवस दुसऱ्या कोणत्याही स्थळाला वाटून देऊ नये आणि आतले सगळे काही पाहून संपवण्याचा ध्यास घेऊ नये. हे लिहिण्यामागे माझा उद्देश तेवढाच आहे, कारण आमच्याकडून लोक मुंबईला जातात तेव्हा विज्ञान केंद्र यादीत असते खरे, पण ते दोन ठिकाणांच्या मध्ये तासाभरापुरते.

आम्ही पाच जण होतो: मी, माझे पती, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि माझे सासरे, ज्यांना घरात सगळेच आबा म्हणतात आणि ज्यांनी वयाची सत्तरी ओलांडली आहे. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे सलग सुट्टी मिळणे कठीण असते. महिन्याचा चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते, म्हणून फेब्रुवारीतला तोच शनिवार आम्ही ठरवला. शुक्रवारी संध्याकाळी निघायचे, शनिवारचा दिवस केंद्रात काढायचा आणि त्याच रात्री परतीच्या गाडीत बसून रविवारी सकाळी घर गाठायचे, असा बेत होता.

या बेताआधी आमचे दोन अनुभव निराशेचे होते आणि ते सांगितल्याशिवाय एकाच ठिकाणी दिवसभर थांबण्याचा माझा आग्रह कळणार नाही. मुलगी पाचवीत असताना शाळेची सहल एका मोठ्या शहरातल्या विज्ञान केंद्रात गेली होती. शाळेचे किंवा केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याच दिवशी सकाळी एक मंदिर आणि दुपारी एक जलक्रीडा उद्यान असल्यामुळे विज्ञान केंद्राच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला होता. दोनशे मुलांची रांग एका दारातून आत गेली आणि दुसऱ्या दारातून बाहेर आली. घरी आल्यावर तिला विचारले, तर तिला फक्त रांगेत पुढे कोण होते आणि मागे कोण होते एवढेच सांगता आले. दुसरा अनुभव आमच्या कुटुंबाचाच, एका लहानशा विज्ञान उद्यानाचा. तिथे निम्म्या मांडण्यांचे दांडे तुटलेले होते, फलकांवरची अक्षरे उन्हाने उडून गेलेली होती आणि रखवालदार मुलांना प्रत्येक वस्तूपासून दूर राहायला सांगत होता. विज्ञान हात लावून समजून घ्यायचे असते हे मुलांना मी घरी शिकवायचे आणि तिथे नेमके त्याच्या उलट घडायचे, याचे मला फार वाईट वाटले होते. म्हणूनच वरळीला जायचे ठरले तेव्हा मी आधी त्या केंद्राची माहिती काढली.

नेहरू विज्ञान केंद्र हे काचेच्या कपाटात जुन्या वस्तू ठेवणारे संग्रहालय नाही. सुरुवातीला तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाचे नेहमीसारखे संग्रहालय उभारण्याची कल्पना होती, परंतु पुढे ती बदलून लोकांनी स्वतः हाताळून पाहावे असे केंद्र घडवण्यात आले. प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचे प्रदर्शन १९७७ मध्ये सुरू झाले, आंतरराष्ट्रीय बालवर्षात म्हणजे १९७९ मध्ये तिथे मुलांसाठी खुले विज्ञान उद्यान झाले आणि संपूर्ण केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद, जिचे मुख्यालय कोलकात्यात आहे, ती हे केंद्र चालवते. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र आणि बंगळुरूचे विश्वेश्वरय्या संग्रहालय ही त्याच परिषदेची भावंडे आहेत. या परिषदेच्या केंद्रांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथले फलक इंग्रजी आणि हिंदीबरोबर त्या राज्याच्या भाषेतही असतात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलाला तिसरीतल्या वाचनाच्या बळावर फलक स्वतः वाचता आला आणि त्यासाठी कोणाचे तोंड पाहावे लागले नाही. आमच्या भागातल्या पालकांनी ही गोष्ट बारीक समजू नये.

एक घोटाळा आधीच टाळावा. वरळीतच नेहरू तारांगण आहे आणि ते या केंद्रापासून वेगळे, दुसऱ्या संस्थेचे आहे. टॅक्सीवाल्याला नुसते ‘नेहरू सेंटर’ म्हटले, तर तो तारांगणाच्या दारात नेऊन सोडण्याची शक्यता असते. ‘डॉ. ई. मोझेस रस्त्यावरचे सायन्स सेंटर’ असे स्पष्ट सांगावे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी करावीत असा मोह मलाही झाला होता, पण लहान मुले आणि म्हातारे माणूस बरोबर असताना तो मोह सोडणेच शहाणपणाचे ठरले.

प्रवासाबद्दल थोडे लिहिते. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या लोकांना देवगिरी एक्स्प्रेस सोयीची आहे, कारण ती रात्रभर धावून सकाळी मुंबईत पोहोचते आणि रात्री पुन्हा मुंबईहून निघते. आम्ही पूर्णा जंक्शनवर बसलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत न जाता दादरला उतरणे केंद्राच्या दृष्टीने बरे, कारण दादरहून पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडली की प्रभादेवी, लोअर परळ आणि मग महालक्ष्मी, असे तिसरेच स्थानक येते आणि तिथून टॅक्सीने काही मिनिटांत केंद्र गाठता येते. कामाच्या दिवशी सकाळी त्या लोकलमध्ये आपल्याकडच्या माणसांनी मुलांना घेऊन शिरू नये. आम्ही दादरहून थेट टॅक्सीच केली. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलच्या अनेक फेऱ्या रद्द असतात, तेव्हा शनिवार निवडण्याचा हाही एक फायदा झाला. गाडी लवकर पोहोचते आणि केंद्र उघडायला वेळ असतो, म्हणून मधले दोन-अडीच तास स्थानकाच्या प्रतीक्षालयात तोंड धुण्यात, कपडे बदलण्यात आणि न्याहारीत घालवावेत. आम्ही घरून ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे नेले होते. धपाटे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहतात आणि मुलांना पोटभर होतात. सामान मात्र प्रत्येकाच्या पाठीवर मावेल एवढेच घ्यावे, कारण दिवसभर ते आपल्याच पाठीवर असते.

केंद्र होळी आणि दिवाळीचे दिवस वगळता वर्षभर सुरू असते. वेळा आणि तिकिटांचे दर बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. प्रवेशाचे तिकीट वेगळे असते आणि आतल्या खास खेळांची, म्हणजे त्रिमिती चित्रपट किंवा गोलावरच्या सादरीकरणाची तिकिटे वेगळी काढावी लागतात. डिसेंबर आणि जानेवारीत शाळांच्या सहली मोठ्या संख्येने येतात. त्या महिन्यांत जायचे असेल, तर मी स्वतः सहलीचा दिवस शक्यतो टाळीन.

आता तयारीविषयी, कारण माझ्या मते या दिवसाचा अर्धा भाग घरीच घडतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की पाहिली होती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती जुनी चक्की डोंगराकडून काही किलोमीटर भूमिगत नहरीने आणलेल्या पाण्यावर चालत असे. ते पाणी एका उंच भिंतीत वर चढते आणि तिथून खाली पडून पाती फिरवते, हे पाहून मुलाने विचारले होते की पाणी खालून वर कसे जाते. त्याचे उत्तर त्या वेळी मला नीट देता आले नाही. घरी आल्यावर बादली आणि सलाइनची नळी घेऊन आम्ही ते करून पाहिले. नळी पाण्याने भरली आणि तिचे दुसरे टोक खाली धरले की पाणी आधी काठावर चढते आणि मग वाहते. मात्र पाणी शेवटी जिथे पडते ती जागा सुरुवातीच्या पातळीपेक्षा खालीच असावी लागते. दुसरे टोक थोडे वर उचलले की धार बंद पडते, हे त्याने वीस वेळा करून पाहिले असेल.

मुलीचा प्रश्न आमच्या जिल्ह्यातलाच होता. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घटनांमुळे उठणाऱ्या अतिसूक्ष्म तरंगांची, वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली, आणि तेव्हापासून आमच्याकडे जमिनीच्या भावापासून नोकऱ्यांपर्यंत त्याचीच चर्चा असते. पण तिथे नेमके काय मोजणार, हे मुलीला कोणी सांगितले नव्हते. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात, लेझरचा एकच किरण दोन भागांत विभागून दोन्हीकडे पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून तो परत आला की दोन्ही किरण एकमेकांवर आणून लहरी जुळतात का ते पाहायचे, एवढे मी तिला वाचून समजावले होते. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर टिपली, तेव्हा भुजांच्या लांबीत पडलेला फरक अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनहूनही कितीतरी लहान होता. हे वाक्य मी तिला वाचून दाखवले तेव्हा तिचा विश्वास बसला नाही, आणि म्हणून तिने केंद्रात जाऊन लहरी, आरसे आणि प्रकाश यांपासूनच सुरुवात करायची असे ठरवले.

आम्ही असा नियम केला की प्रत्येकाने आपापल्या पसंतीच्या तीन गोष्टी निवडायच्या आणि त्या प्रत्येक गोष्टीपाशी कंटाळा येईपर्यंत थांबायचे. बाकीचे जाता-येता दिसेल तेवढे पाहायचे. आबांनी सुरुवातीला मला यातले काय कळते म्हणून निवडायला नकार दिला होता.

उन्हाआधी उद्यान उरकावे म्हणून आम्ही आधी बाहेरच्या विज्ञान उद्यानात गेलो, आणि हा क्रम मी सर्वांना सुचवीन, कारण मुंबईची दमट हवा आपल्या कोरड्या उन्हाला सरावलेल्या माणसालाही दुपारी थकवते. उद्यानात झाडांची सावली आहे आणि झोके, घसरगुंड्या, आरसे, कप्प्या, नळ्या अशा वस्तूंतून ध्वनी, बल आणि गती यांचे नियम मुले खेळता खेळता अनुभवतात. जुने वाफेचे इंजिन, ट्राम आणि एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमानही तिथे ठेवलेले आहे. मरुत हे भारतात घडवलेले पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याची रचना केली आणि १७ जून १९६१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. माझे पती त्या विमानापाशी बराच वेळ रेंगाळले. आबांना मात्र वाफेच्या इंजिनाने थांबवले, कारण पूर्णेला मीटरगेजवर अशीच इंजिने कोळसा खाताना त्यांनी लहानपणी पाहिली होती, आणि इंजिनाच्या चाकाला जोडलेला दांडा पुढेमागे झाला की चाक कसे फिरते, हे त्यांनी मुलाला हाताने हवेत रेघा काढून दाखवले.

त्या दिवसाचा सर्वांत चांगला तास कप्प्यांपाशी गेला. तिथे खुर्चीत बसून आपणच दोर ओढायचा आणि स्वतःला वर उचलायचे अशी मांडणी आहे. दोर कमी-जास्त कप्प्यांवरून नेलेला असतो, त्यामुळे एका खुर्चीत खूप जोर लागतो आणि दुसरीत तोच माणूस सहज वर जातो. मुलगा अवघड खुर्चीत बसला तेव्हा त्याच्याने हललेसुद्धा नाही. सोप्या खुर्चीत बसला तेव्हा तो वर गेला, पण हातात दोराचा ढीग जमला. मी फलक वाचत होते. आबा मात्र दोराकडे पाहत उभे होते आणि मग पुढे होऊन त्यांनी कप्पीच्या खोबणीवर बोट ठेवले. “ह्ये तर आपल्या मोटंचं चाक हाय, माय,” ते मुलीला म्हणाले.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही फलकावर नव्हते. आमच्या जुन्या विहिरीवर आबांच्या तरुणपणी मोट, म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतले पाणी वर काढायची चामड्याची पखाल, चालत असे. मोट ओढायचा जाड नाडा कोणता आणि तिच्या सोंडेचा बारीक सोंदूर कोणता, मोट वर आली की तिची सोंड थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या दगडी कुंडात, आपोआप कशी मोकळी होते, बैलांना धावेवर, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवर, मागे कसे सरकवत आणायचे, हे सगळे त्यांनी जमिनीवर काडीने रेघा ओढून सांगितले. मुलीने त्यांना विचारले की मोटेला एकच चाक असायचे, तर मग बैलांचे ओझे हलके कसे व्हायचे. आबा थोडे थांबले आणि म्हणाले की ओझे हलके होत नसे. चाकामुळे खाली उतरत जाणाऱ्या बैलाला वर येणारी मोट ओढता येई, आणि धाव उतरती असल्याने बैलाचे स्वतःचे वजन कामी येई. एक कप्पी बलाची दिशा बदलते पण बल कमी करत नाही, हे सातवीच्या मुलीला पुस्तकातून पाठ होते. त्यामागचा अर्थ तिला त्या क्षणी कळल्याचे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. मग दोघांनी मिळून सोप्या खुर्चीच्या कप्प्या मोजल्या आणि दोर किती हात ओढला म्हणजे खुर्ची किती वर जाते ते विटेवर खुणा करून मोजले. जोर जितका वाचतो तितका दोर जास्त ओढावा लागतो, हा हिशेब आबांनी शेतातल्या भाषेत ‘फुकट काही मिळत नाही’ असा सांगितला. तिथे आम्ही तासभर थांबलो. ज्या माणसाने सकाळी आपल्याला काही कळणार नाही म्हटले होते, त्याने संध्याकाळपर्यंत आपल्या तीनच काय, पाच गोष्टी निवडल्या होत्या.

वडीलधाऱ्यांना घरी ठेवून फक्त मुलांना अशा ठिकाणी नेण्याची आपल्याकडे रीत आहे. माझा अनुभव त्याच्या अगदी विरुद्ध आहे. ज्यांनी मोट हाकली, जाते ओढले, पाभर धरली, चुलीतला धूर फुंकणीने सारला, त्यांच्याकडे यंत्रशास्त्राची मोठी शिदोरी असते आणि ती उघडायला असे एखादे चाक समोर यावे लागते. अर्थात त्यांच्या पायांचा विचार करावा. उद्यानात आणि दालनांत चालणे बरेच होते, मजले चढावे लागतात, म्हणून आम्ही दर तासाला दहा मिनिटे बसत होतो आणि आबांना दुपारी एका बाकावर अर्धा तास डुलकी घेऊ दिली.

उद्यानातच एकमेकांसमोर बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या दोन मोठ्या खोलगट तबकड्या आहेत. एकीच्या केंद्राशी तोंड नेऊन हळू बोलले की दुसरीपाशी कान लावलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येते. मुलांनी तिथे आबांच्या कानात आणि आबांनी मुलांच्या कानात काय सांगितले ते मला कळू दिले नाही. मुलीला मात्र त्यातून आपला धागा सापडला: वाकड्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज एका बिंदूत जमतो, तसाच प्रकाशही जमतो, आणि तोच न्याय आमच्या गच्चीवरच्या डिश अँटेनाला लागू आहे, हे तिने स्वतःच जुळवले.

दुपारी आम्ही आत गेलो. प्रवेशदालनातली चेंडूंची मोठी रचना लहान मुलांना खिळवून ठेवते. चेंडू वर नेले जातात आणि तिथून रुळांवरून गिरक्या घेत, कधी घंटा वाजवत, कधी उसळी मारत खाली येतात. मुलाने एकच चेंडू नजरेने धरला आणि तो खाली पोहोचेपर्यंत त्याच्या मागे मागे मान फिरवली, मग दुसरा धरला, मग तिसरा. उंचीवरची साठवलेली ऊर्जा गतीत कशी बदलते हे शब्दांत मी त्याला सांगितले नाही, कारण त्याने स्वतःच विचारले की शेवटी चेंडू पहिल्याइतका उंच का उसळत नाही. हा प्रश्न त्याच्या वहीत लिहून घेतला आणि त्याचे उत्तर घरी रबरी चेंडूवर शोधायचे ठरले.

ध्वनी आणि प्रकाशाची दालने मुलीने निवडली होती. ध्वनीच्या दालनात लांबी बदलली की स्वर कसा बदलतो हे पाहताना तिला गावातल्या भजनी मंडळातली पेटी आणि आमच्या गुराख्याचा पावा आठवला. आरशांच्या मांडण्यांमध्ये सगळेच जण रमले. मात्र लायगोबद्दलचा तिचा मुख्य प्रश्न, दोन किरण एकमेकांवर आल्यावर अंधार कसा होऊ शकतो, तो तिथे पूर्ण सुटला नाही. तो पुढे घरी साबणाच्या पाण्याच्या पातळ पडद्यावर रंगांचे पट्टे पाहताना सुटायला सुरुवात झाली. केंद्राने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा मी ठेवत नाही. मुलाच्या मनात प्रश्न धरून ठेवण्याचे काम त्याने चोख केले.

गोलावरच्या सादरीकरणाचे तिकीट काढावे, असे मी आग्रहाने सांगेन. अंधाऱ्या खोलीत माणसाच्या उंचीएवढा एक पांढरा गोल अधांतरी टांगलेला असतो आणि चारी बाजूंच्या प्रक्षेपकांनी त्यावर पृथ्वी, ग्रह, समुद्राचे प्रवाह, ढगांच्या हालचाली उमटतात. ढगांची हालचाल सुरू झाली तेव्हा माझ्या डोळ्यांनी नकळत अरबी समुद्राचा किनारा शोधला. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे आमच्या वाट्याला उरलेसुरले येते, हे आम्ही पुस्तकात पर्जन्यछाया या शब्दाने शिकलो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते आम्ही सर्वांनी पाहिले. पण सबंध पृथ्वीवर आपली जागा कुठे आहे आणि ढगांची वाट कुठून जाते, हे एकाच वेळी डोळ्यांसमोर फिरताना पाहण्याचा परिणाम वेगळाच होता. आबांनी हलक्या आवाजात विचारले, “आपलं गाव कुठशी आलं?” मी अंदाजाने बोट दाखवले. तेवढ्यात गोल पुढे सरकला आणि तिथे समुद्र आला.

त्रिमिती चित्रपट मुलांना आवडतो, पण दूरवरून एकदाच येणाऱ्या कुटुंबाने त्याला प्राधान्य देऊ नये असे मला वाटते. तसा चित्रपट आता मोठ्या शहरांत इतरत्रही पाहता येतो. कप्प्यांची खुर्ची आणि कुजबुजणाऱ्या तबकड्या मात्र सहसा सापडत नाहीत. तेवढा वेळ मुलाने हवे तर पुन्हा चेंडूंपाशी घालवावा.

वयाविषयी विचाराल, तर पाच वर्षांखालच्या मुलाला उद्यान आवडेल, पण आतल्या दालनांत ते कंटाळेल. तिसरी ते नववीची मुले या केंद्राचा सर्वांत जास्त लाभ घेतात. वही आणि पेन्सिल बरोबर असावीच, आणि फोटो काढण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे. आमच्याकडे ते पतींकडे होते. बाकीच्यांचे हात त्यामुळे मोकळे राहिले. पिण्याच्या पाण्याची बाटली सतत भरून घ्यावी. पायात नवे बूट कोणीही घालू नयेत. मुलाने हट्टाने घातले आणि दुपारनंतर तो लंगडत होता.

केंद्र बंद होण्याच्या सुमारास आम्ही बाहेर पडलो. परतीच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गेलो, तिथे जेवलो आणि जागा मिळताच मुले झोपली. मुलीची वही माझ्याकडे होती. तिने पाहायच्या राहिलेल्या दालनांची यादी शेवटच्या पानावर लिहिली होती आणि पुढे आबांच्या अक्षरात मोटेची एक आकृती होती, तिच्यात धावेची लांबी आणि विहिरीची खोली या दोन जागा रिकाम्या सोडलेल्या होत्या. दुसऱ्या रविवारी दोघे टेप घेऊन जुन्या विहिरीवर मोजायला गेले. धावेचा निम्मा भाग आता शेतात मिसळला आहे, तरी दगडी थारोळे आणि चाक बसवण्याची खाच अजून जागेवर आहे. उरलेली दालने दिवाळीच्या सुट्टीत पाहण्याचे ठरले असून, केंद्र बंद असण्याचा दिवस सोडून पुढच्या शनिवारचे आरक्षण गाडीची नोंदणी सुरू होताच करायचे आहे.